बिनफुलाची बंदूक

आमच्या क्लाइव्हसारखा शंकासुर सगळ्या मलूरा गावात दुसरा सापडायचा नाही. मी त्याची थोरली बहीण, तेव्हा हे मला हक्काने बोलता येतं. दूधवाल्याने बाटली ठेवली की हा आधी बूच काढून वास घेणार. चर्चच्या घड्याळात दहाचे ठोके पडले की हा मनगटाकडे बघणार, आणि मग मनगटावरचं घड्याळ चालू आहे ना म्हणून तेही कानाला लावणार. बायको म्हणाली, "माझं तुझ्यावर प्रेम आहे," तर हा विचारतो, "का?" शेवटी कंटाळून ती सिडनीला निघून गेली. तेव्हा, "मला शंका होतीच," म्हणाला गाढव.

धंदाही त्याला शोभेलसाच मिळाला. क्लाइव्ह बंदुका दुरुस्त करतो. पुढे काउंटरवर मी, मॉरीन टिंडल, आणि मागच्या खोलीत त्याचं टेबल, कानशी, तेलाच्या बाटल्या, भिंतभर पुस्तकं. आमचं गाव गव्हाचं. बंदूक लागते ती सशांना आणि कोल्ह्यांना. पण प्रत्येक घरात एखादी जुनी बंदूक असतेच, आणि लोक ती दुरुस्तीला आणतात तेव्हा तिच्याबरोबर एक गोष्टही घेऊन येतात. "आमच्या आजोबांनी ही बोअर युद्धातून आणली बरं का!" मग क्लाइव्ह ती उलटी करणार, तिच्यावरून अंगठा फिरवणार, भिंग लावणार आणि म्हणणार, "तुमच्या आजोबांनी ही एकोणीसशे वीस साली दुकानातून घेतली." माणसं तोंडात मारल्यासारखी परत जायची. मी म्हणायची, "अरे, गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं?" पण गप्प बसणं त्याच्या कुंडलीतच नाही, असं मला इतकी वर्षं वाटत होतं.

आता अ‍ॅथल प्राइडीचं सांगते. हा रेल्वेजवळच्या गव्हाच्या कोठारावर काट्यावर असायचा. शेतकऱ्यांचे ट्रक वजन करून आत सोडायचे, हे त्याचं काम. बोलणं कमी, दाढी रोज, बूट चकचकीत. बेचाळीस साली तो न्यू गिनीत मिल्न बेच्या चिखलात लढला होता. जपानच्या नौदलाची माणसं तिथे किनाऱ्यावर उतरली होती आणि आमच्या पोरांनी त्यांना पुन्हा समुद्रात ढकललं होतं. तिथून त्याने एक बंदूक आणली होती. नारळाच्या बागेत समोरच्या शिपायाने त्याच्यावर नेम धरला, चाप ओढला आणि गोळी सुटलीच नाही. "म्हणून मी आहे," एवढंच अ‍ॅथल सांगायचा. त्या शिपायाचं पुढे काय झालं ते त्याने कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

एकोणसत्तर साली माजी सैनिकांच्या क्लबात काचेचं कपाट आलं. ज्याच्याकडे युद्धातलं काही असेल त्याने आणून ठेवायचं, शेजारी नावाची चिठ्ठी. अ‍ॅथलने आपली बंदूक आणली. चिठ्ठी त्याच्या बायकोने, एडनाने, सुबक अक्षरात लिहिली होती: 'मिल्न बे, सप्टेंबर १९४२.' मी सँडविचचं ताट घेऊन तिथेच उभी होते. क्लाइव्ह तेव्हा तेवीस वर्षांचा, नुकता धंदा शिकून आलेला, स्वतःला बंदुकीतला बृहस्पती समजणारा.

जपानी बंदुकीचं एक आहे. नळी जिथे मागच्या भागात बसते तिथे, वरच्या बाजूला, पोलादावर सोळा पाकळ्यांची शेवंती ठोकलेली असते. ती सम्राटाची खूण. बंदूक सम्राटाची, शिपाई फक्त वाहून नेणारा. हरल्यावर शस्त्रं खाली ठेवायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती फुलं कानशीने घासून टाकली, सम्राटाची अब्रू परक्याच्या हातात जायला नको म्हणून. आमच्या क्लबात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फूल असेल तर बंदूक लढाईत हिसकावलेली, आणि नसेल तर पंचेचाळीस साली शरणागतीच्या ढिगातून उचललेली. त्यापलीकडे कुणाला काही ठाऊक नव्हतं.

क्लाइव्हने अंगठा फिरवला.

"फूल कुठाय, मिस्टर प्राइडी?"

"नव्हतंच," अ‍ॅथल म्हणाला.

"नव्हतंच कसं? घासलंय. आणि सफाईने घासून वर पुन्हा काळा रंग चढवलाय. ही ढिगातली आहे."

"मी ती माणसाच्या हातातून घेतली, पोरा."

"मग त्या माणसाने लढाईच्या आधीच कानस मारून ठेवली असणार. मोठा तयारीचा गडी!"

सगळा बार खदखदून हसला. खोटं कशाला सांगू, मीही हसले. अ‍ॅथलने बंदूक पुन्हा घोंगडीत गुंडाळली, चिठ्ठी खिशात घातली आणि एडनाला घेऊन निघून गेला. त्याचा ग्लास अर्धा भरलेला तसाच राहिला.

आमच्या गावाला एकदा चघळायला काही मिळालं की ते दहा वर्षं थुंकत नाही. आमच्याकडे शेवंती मे महिन्यात फुलते आणि मदर्स डेला घरोघर शेवंतीचे गुच्छ देतात. त्या मेमध्ये अ‍ॅथल क्लबात आला तर त्याच्या जागेवर एक पांढरी शेवंती ठेवलेली. "घे अ‍ॅथल, हरवलेली सापडली बघ!" दुसऱ्या वर्षी कुणीतरी त्याच्या फाटकाला जुडगाच बांधला. मग काट्यावर शेतकरी डोळा मारून विचारायला लागले, "वजन तरी खरं सांगतोस ना रे?" वीस वर्षं ज्याच्या काट्यावर कुणी शंका घेतली नव्हती, त्याच्या मागे उभं राहून लोक आकडे वाचायला लागले. त्याने क्लब सोडला. एप्रिलच्या पंचविसाला पदकं लावून सगळे जुने सैनिक रस्त्यातून चालत जायचे, तेव्हा हा कोठाराच्या कुलपांना तेल घालत बसायचा. असं एक-दोन नाही, अठ्ठावीस वर्षं चाललं.

सत्त्याण्णव साली सरकारने कायदा आणला. घरात बंदूक असेल तर नोंदवा, नाहीतर जमा करा; जमा झालेली यंत्रात चिरडली जाणार. सार्जंटने गावच्या मोठ्या हॉलमध्ये टेबल टाकलं. ज्या बंदुकीची बनावट मालकाला सांगता येत नव्हती ती ओळखायला क्लाइव्हला बसवलं, आणि फॉर्म लिहायला मला. एका मंगळवारी सकाळी अ‍ॅथल आला. शहात्तर वर्षांचा, पण बूट तसेच चकचकीत. खाकेत तीच घोंगडी.

"जमा करायचीय," तो म्हणाला.

"बनावट?" मी विचारलं.

"जपानी. बाकी तुझ्या भावाला विचार, त्याला सगळं कळतं." हे बोलताना त्याने क्लाइव्हकडे पाहिलंसुद्धा नाही.

क्लाइव्हने बंदूक घेतली, आणि माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. बंदूक हातात आली की त्याचा अंगठा आपोआप धावतो, जन्माची सवय. त्या दिवशी अंगठा धावला नाही. त्याने त्या जागेकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"ठेवून जा, मिस्टर प्राइडी," तो म्हणाला. "मी सावकाश बघतो, फॉर्म भरतो आणि परस्पर जमा करून टाकतो. तुम्ही कशाला पुन्हा हेलपाटा घालता?"

माझा भाऊ, आणि त्याला दुसऱ्याच्या हेलपाट्याची काळजी? याने स्वतःच्या आईला दवाखान्यात बसने पाठवलं होतं! नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

अ‍ॅथललाही तसंच वाटलं असावं. "परस्पर नको," तो म्हणाला. "शुक्रवारी मी येतो. माझ्यासमोर सार्जंटच्या हातात द्यायची. आणि नंबर मी लिहून घेतलाय." त्याने खिशातून तंबाखूचं पाकीट काढून दाखवलं, त्यावर पेन्सिलीने नंबर लिहिला होता. अठ्ठावीस वर्षांत गावाने त्यालाही शहाणं करून सोडलं होतं.

दुकानात आल्या आल्या क्लाइव्हने मागच्या खोलीला आतून कडी लावली. पंचवीस वर्षांत ती कडी मी कधी लागलेली पाहिली नव्हती. गंजून बसली असेल असंच मला वाटायचं. बुधवारी विचारलं, "कळलं का काही?" तर म्हणाला, "खात्री नाही." ज्याला आजोबांची थाप दोन मिनिटांत कळते त्याला दोन दिवस खात्री होईना! माझं डोकं भणभणलं. बंदूक दुर्मिळ असणार, हिच्यावर याचा डोळा असणार, आणि म्हाताऱ्याच्या हातून परस्पर लाटायचा याचा बेत असणार. सख्ख्या भावाबद्दल असं मनात आलं, पण आलं खरं.

गुरुवारी दुपारी तो जेवणासाठी मीट-पाय, म्हणजे मांसाचं सारण भरलेल्या पेस्ट्र्या, आणायला बेकरीत गेला तेव्हा मी आत शिरले. टेबलावर बंदूक लाकूड उतरवून ठेवली होती. मी काही बंदूकवाली नाही, पण इतकी वर्षं काउंटरवर माश्या मारत बसले नाही. कोपऱ्यात शरणागतीतली एक जपानी बंदूक पडलेली असते, सुट्या भागांसाठी. आधी तिच्यावर अंगठा फिरवला. फूल घासलेल्या जागी पोलाद चपटं झालेलं, अंगठा किंचित खाली जातो. मग अ‍ॅथलच्या बंदुकीवर फिरवला. गोलाई पूर्ण. अंगठा कुठे खाली जाईना, कुठे अडेना. तिथे कधी कानस लागलीच नव्हती.

मग मी बाकीचंही बघितलं. दुसऱ्या बंदुकीवर चित्रासारखी जपानी अक्षरं होती, हिच्यावर एक नाही. नंबराच्या आधी साधं इंग्रजी एफ. गोळी भरताना ओढायचा बोल्टचा दांडा दुसरीत मागे, हिच्यात पुढे. आणि लाकडाखाली झाकलेल्या नळीच्या पोटाशी बारीक ठसे, ते तर जपानी मुळीच नव्हेत. शेजारी अमेरिकेहून मागवलेलं एक जाड पुस्तक उघडं पडलं होतं. फोटोत हीच बंदूक. खाली लिहिलं होतं की जपानच्या नौदलासाठी युद्धाच्या थोडं आधी या इटलीत बनवून घेतल्या, आणि त्यांच्यावर शेवंती कधी ठोकलीच नाही.

म्हणजे म्हातारा खरं बोलत होता. "नव्हतंच," एवढंच तर म्हणाला होता बिचारा.

मला आनंद व्हायला हवा होता. पण समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतं. क्लाइव्हचा स्वतःच्या आठवणीवरही भरवसा नाही, म्हणून तो जे लिहील त्याच्याखाली तारीख टाकतो, वाणसामानाच्या यादीखालीसुद्धा. समासात लिहिलं होतं, 'प्राइडीची?' आणि खाली तारीख, ११ मार्च १९८६.

मी तिथेच स्टुलावर बसले. तो मीट-पायच्या पिशव्या घेऊन आला, मला पाहिलं, पुस्तक पाहिलं आणि दारातच थांबला.

"अकरा वर्षं?" मी म्हटलं. "अकरा वर्षं मूग गिळून बसलास?"

"खात्री नव्हती. बंदूक हातात नव्हती."

"मग जाऊन मागायची! तीन गल्ल्या पलीकडे राहतो तो!"

"कोणत्या तोंडाने मागू?"

"ज्या तोंडाने बारमध्ये बोललास त्याच तोंडाने, मेल्या!"

आणि मग मला ते आठवलं. अठ्ठ्याऐंशी साली एडना प्राइडी दुकानात आली होती. एकटी. घ्यायचं काहीच नव्हतं तिला. काउंटरवरचं सुतळीचं भेंडोळं उलटसुलट करत हळूच म्हणाली, "मॉरीन, त्या वेळी क्लाइव्हची चूक तर झाली नसेल ना गं?" आणि मी, शहाणी, ताठ मानेने म्हटलं होतं, "मिसेस प्राइडी, आमचा क्लाइव्ह बंदुकीत चुकत नाही." ती बरं म्हणाली आणि सुतळी ठेवून गेली.

"एडना आली होती तेव्हा तू इथेच होतास," मी म्हटलं. "दार उघडं होतं."

"होतो."

"ऐकलंस?"

"ऐकलं."

मी मीट-पायची पिशवी उचलून त्याच्या अंगावर फेकली. रस्सा त्याच्या शर्टावर उडाला. त्याने पुसलाही नाही. मी म्हटलं, "उद्या सगळ्यांच्या देखत सांगायचं. नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि माझी तऱ्हा तुला माहीत आहे."

शुक्रवारी हॉलमध्ये रांग होती. क्लबातली चार-पाच जुनी खोडं चहाच्या टेबलाशी बिस्किटं खात उभी होती. अ‍ॅथल वेळेवर आला. क्लाइव्हने बंदूक लाकूड चढवून, स्वच्छ पुसून टेबलावर ठेवली. अ‍ॅथलने आधी खिशातलं पाकीट काढून नंबर ताडून पाहिला. मग म्हणाला, "हां."

"मॉरीन, लिही," क्लाइव्ह मोठ्याने म्हणाला. "बनावट इटलीची, जपानच्या नौदलासाठी. फूल नाही. घासलेलं नाही. कधी नव्हतंच."

बिस्किटं थांबली.

"एकोणसत्तर साली मी जे बोललो ते चूक होतं. मला एकच खूण माहीत होती आणि तेवढ्यावर मी मिस्टर प्राइडींना खोटं ठरवलं. मिल्न बेला नौदलाचीच माणसं उतरली होती. ही बंदूक त्यांच्याच हातातली असणार." आता इथे थांबावं की नाही? पण छे, क्लाइव्ह तो क्लाइव्हच. "अर्थात ती लढाईतच घेतली हे काही लोखंडावरून सिद्ध होत नाही."

मी टेबलाखालून त्याला लाथ घातली.

"ते मी सांगतो," अ‍ॅथल म्हणाला. "मी होतो तिथे."

कुणी हसलं नाही. चहाच्या टेबलाकडून म्हातारा रेग पुढे आला. पहिली शेवंती त्याच्याच बागेतली होती, हे सगळ्या गावाला माहीत. त्याने हात पुढे केला. अ‍ॅथलने तो हात क्षणभर संशयाने न्याहाळला, जणू त्यात पुन्हा काहीतरी लपवलेलं असेल, आणि मग हातात घेतला. रेगचे डोळे भरले होते. म्हणाला, "एप्रिलमध्ये ये रे आमच्याबरोबर." अ‍ॅथल म्हणाला, "बघू, गुडघे काय म्हणतात."

मला वाटलं, सुटलो. सार्जंटने फॉर्मवर शिक्का मारायला घेतला. तेवढ्यात अ‍ॅथल क्लाइव्हकडे वळला. हॉलमध्ये आल्यापासून पहिल्यांदाच त्याने क्लाइव्हच्या डोळ्यांत पाहिलं.

"तुला कधी कळलं?"

क्लाइव्हने आधीच स्वच्छ असलेली बंदूक पुन्हा फडक्याने पुसायला घेतली.

"या आठवड्यातच ना? मंगळवारी बंदूक हातात आली तेव्हा?"

म्हातारा स्वतः दार उघडून देत होता. आणि कालपासून ज्या भावाला मी धारेवर धरलं होतं, त्याच्याकडे बघून मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हण रे. हो म्हण आणि संपव. सगळ्यांचंच भलं होईल.

"नाही," क्लाइव्ह म्हणाला. "शहाऐंशी साली. मार्चमध्ये. पुस्तकात वाचलं होतं."

अ‍ॅथलने मान हलवली. मग बोलला, रागावून नाही, काट्यावरचं वजन सांगावं तितक्या साध्या आवाजात.

"एडना नव्वदमध्ये गेली. शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून म्हणाली, 'अ‍ॅथल, ते बंदुकीचं खोटं तू अजून मनाला लावून घेतोस. नको घेऊस. मी तुला कधीच माफ केलंय.'" त्याने बंदूक सार्जंटकडे सरकवली. "मी म्हटलं, बरं. मरणाऱ्या बाईशी काय वाद घालायचा?"